फौजा गेल्यानंतरची शांतता

१५ ऑगस्ट २०२१ला काबूल पडले तेव्हा आमच्या शाळा कोरोनामुळे बंद होत्या आणि आम्ही शिक्षक मोबाइलवरून तास घेत होतो. सकाळचे झेंडावंदन मोजक्या लोकांत आटोपले आणि रात्रीपासून व्हॉट्सअॅपवर एकच विषय सुरू झाला. मी दोन ग्रुपमध्ये होते. एक उर्दू शाळांतल्या शिक्षकांचा, दुसरा माझ्या बी.एड.च्या बॅचचा. दुसऱ्यात मी आणि एक मैत्रीण सोडली तर सगळे मराठी माध्यमाचे. पहिल्या ग्रुपवर एका ज्येष्ठ सरांनी लिहिले, 'मुबारक हो, सुपर पॉवर हार गई.' खाली पाच-दहा अंगठे आणि तितक्याच 'माशाअल्लाह'. दुसऱ्या दिवशी बॅचच्या ग्रुपवर एका वर्गबंधूने विमानामागे धावणाऱ्या माणसांचा व्हिडिओ टाकला आणि विचारले, 'मॅडम, तुमच्या लोकांचे हे काय चालले आहे?'

मी दोन्हीकडे उत्तर दिले नाही. एकाला 'हो' म्हणता येत नव्हते आणि दुसऱ्याला उत्तर द्यायचे तर आधी 'तुमच्या लोकांचे' या शब्दांवर भांडावे लागले असते. आता उशिरा का होईना, दोघांनाही एकत्रच उत्तर देते. सर आणि वर्गबंधू दोघेही एकाच गोष्टीकडे बघत होते: परकी फौज. एकाला वाटत होते की फौज गेली, आता सगळे ठीक होईल. दुसऱ्याला वाटत होते की फौज गेली, आता सगळे बिघडेल. अफगाणिस्तानचा इतिहास जरा शांतपणे वाचला तर दोघांचेही खरे ठरत नाही.

वर्गबंधूच्या बाजूपासून सुरुवात करते, कारण आपल्याकडच्या मोठ्या वर्तमानपत्रांतून तीच बाजू जास्त मांडली गेली. अमेरिकेने घाई केली, आणखी काही वर्षे थांबायला हवे होते, असे अग्रलेख आले. अहो, किती वर्षे? ७ ऑक्टोबर २००१ला बॉम्बफेक सुरू झाली तेव्हा मी पाचवी-सहावीत होते. शेवटचे विमान ३० ऑगस्ट २०२१ला उडाले तेव्हा मला शिक्षक म्हणून काही वर्षे झाली होती. एक अख्खी पिढी जन्मून मतदार होईल एवढा हा काळ. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी या युद्धात मेलेल्यांचा जो हिशेब मांडला तो पावणेदोन लाखांच्या आसपास जातो. त्यात शेहेचाळीस हजारांहून अधिक सामान्य नागरिक आहेत.

'अफगाण सैनिक लढलेच नाहीत' हेही त्याच काळात सर्रास म्हटले गेले. वीस वर्षांत साठ हजारांहून अधिक अफगाण सैनिक आणि पोलीस मेले, हे म्हणणाऱ्याला ठाऊक नसते. अमेरिकेचे मेलेले सैनिक अडीच हजारांच्या आत आहेत. मग हीच माणसे ऑगस्टमध्ये दहा दिवसांत का विरघळली? ६ ऑगस्टला झरंज हे पहिले प्रांतिक राजधानीचे शहर पडले आणि १५ला काबूल. हे झरंज म्हणजे आपल्या सीमा सडक संघटनेने बांधलेला २१८ किलोमीटरचा झरंज–दिलाराम रस्ता जिथे इराणच्या सीमेला लागतो ते गाव. रस्ता चांगला होता. त्यावरून कोण येईल हे रस्ता ठरवत नाही.

विरघळण्याचे कारण शोधायचे तर लढाईपेक्षा पगारपत्रक बघावे लागते. अश्रफ गनी यांच्या सरकारचा तीन चतुर्थांश खर्च परदेशी मदतीतून चालत होता. कागदावर तीन लाखांचे सैन्य होते. पुढे त्यांचेच माजी अर्थमंत्री खालिद पायेंदा यांनी जाहीरपणे सांगितले की त्यातली बहुतेक नावे भुताची होती. माणूस नाही, पण पगार उचलला जातो. आम्हा शिक्षकांना हा प्रकार समजायला वेळ लागत नाही. हजेरीपटावरची खोटी पटसंख्या आपल्या राज्यानेही पाहिली आहे. जे खरे सैनिक चौकीवर होते त्यांना महिनोन्महिने पगार नव्हता, कुठे खायला नव्हते. त्यांची विमाने दुरुस्त करणारे परदेशी कंत्राटदार फौजेबरोबर निघून गेले आणि विमाने जमिनीवर राहिली. आणि या सगळ्याच्या आधी, २९ फेब्रुवारी २०२०ला, दोहामध्ये अमेरिकेने तालिबानशी करार केला. त्या टेबलावर काबूलच्या सरकारला खुर्चीच नव्हती. तरी पाच हजारांपर्यंत तालिबान कैदी सोडायचे, असे करारात लिहिले गेले, आणि सोडायचे होते ते त्या गैरहजर सरकारने! ज्या शिपायाला हे कळले की आपल्या मालकानेच शत्रूशी परस्पर व्यवहार केला आहे, त्याने कोणासाठी मरायचे?

गनी साहेबांबद्दल एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हे गृहस्थ जागतिक बँकेत होते. कोलमडलेली राष्ट्रे कशी सावरावीत यावर २००८मध्ये त्यांनी एका सहलेखिकेबरोबर अख्खे पुस्तक लिहिले. 'फिक्सिंग फेल्ड स्टेट्स' हे त्याचे नाव. १५ ऑगस्टला ते देश सोडून गेले.

आता ज्येष्ठ सरांकडे वळण्याआधी थोडे मागे जायला हवे, कारण हे सगळे अफगाणांनी एकदा पाहिलेले होते. १५ फेब्रुवारी १९८९ला सोव्हिएत जनरल बोरिस ग्रोमोव्ह आमू दर्यावरचा पूल ओलांडून परत गेले. नऊ वर्षे, सुमारे पंधरा हजार सोव्हिएत सैनिक आणि किमान पाच-सहा लाख अफगाण जिवांची ती लढाई होती. तेव्हा बहुतेक सर्व जाणकारांचे भाकीत होते की डॉ. नजीबुल्लाह यांचे सरकार काही आठवड्यांत कोसळेल. मार्च १९८९मध्ये मुजाहिदीनांनी पाकिस्तानच्या पाठबळावर जलालाबादला वेढा घातला. शहर पडले नाही. नजीबुल्लाह तीन वर्षे टिकले.

हे नीट समजून घ्यावे. परके सैनिक गेले आणि सरकार उभे राहिले. कारण मॉस्कोहून गहू, इंधन, शस्त्रे आणि पैसा येत राहिला, आणि नजीबुल्लाह यांनी गावोगावच्या टोळीप्रमुखांशी स्वतः बोलणी करून, काहींना पैसा तर काहींना पद देऊन, जमवून घेतले. त्यांना मी साधू ठरवत नाही. ते 'खाद' या गुप्त पोलिसांचे प्रमुख होते आणि त्या तुरुंगांच्या आठवणी अफगाण घराघरांत आहेत. पण फौज गेल्यावर राज्य कसे चालवायचे हे त्यांना गनींपेक्षा जास्त कळत होते. सप्टेंबर १९९१मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी ठरवले की १ जानेवारी १९९२पासून दोघेही आपापल्या बाजूची शस्त्रमदत बंद करतील. डिसेंबरात सोव्हिएत संघच संपला. उत्तरेत नजीबुल्लाह यांच्या बाजूने लढणारा जनरल दोस्तम पगार आटताच फिरला आणि एप्रिल १९९२मध्ये काबूल गेले.

त्यानंतर जे झाले त्याला आमच्याकडे अजून 'फतह' म्हणतात. एकाच कलम्याचे, एकाच किबल्याकडे तोंड करणारे मुजाहिदीन एकमेकांवर रॉकेट टाकू लागले. सोव्हिएत फौजेने जे काबूल बऱ्यापैकी शाबूत सोडले होते, ते हिकमतयार, मसूद, दोस्तम, मजारी, सय्याफ यांच्या लोकांनी चार वर्षांत मातीत घातले. हजारो माणसे मेली. त्या अराजकाला कंटाळलेल्या लोकांनी १९९६मध्ये तालिबानला वाट दिली. परक्याला हाकलणे ही एक गोष्ट आणि घर चालवणे ही दुसरी, हे तेव्हाच दिसले होते. आमच्या उर्दू वर्तमानपत्रांनी पहिली गोष्ट पानभर छापली, दुसरी आतल्या पानावर चार ओळीत.

इराकचे उदाहरण याहून लहान आहे, पण बोलके आहे. १८ डिसेंबर २०११ला शेवटची अमेरिकन तुकडी कुवेतमध्ये गेली. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान नूरी अल-मालिकी यांच्या सरकारने स्वतःच्या उपराष्ट्रपतींवर, तारिक अल-हाशिमी या सुन्नी नेत्यावर, अटक वॉरंट काढले. अडीच वर्षांत मोसुल दाएशच्या हाती गेले. फौज थांबली असती तर हे टळले असते असे म्हणणारे विसरतात की २००३मध्ये पॉल ब्रेमर यांनी एका फर्मानाने इराकचे सैन्य बरखास्त करून शस्त्र चालवता येणारे लाखो लोक घरी पाठवले, तेव्हाच हे पेरले गेले होते. अफगाणिस्तानातही तसेच. डिसेंबर २००१च्या बॉन परिषदेत हरलेल्या तालिबानपैकी कोणालाही जागा नव्हती. हरलेला माणूस वाटाघाटीला सर्वांत तयार असतो. तो दारात उभा होता तेव्हा त्याला हाकलले, आणि तो जिंकायला लागल्यावर दोहात पंचतारांकित हॉटेलात बसवले.

मग फौज गेल्यावर देश सावरतच नाहीत का? सावरतात. व्हिएतनाममधून अमेरिकन सैन्य १९७३मध्ये गेले, १९७५मध्ये सायगाव पडले, त्यानंतर छावण्या, नावांतून पळालेली माणसे, कंबोडिया आणि चीनशी लढाया झाल्या. १९८६नंतर त्यांनी अर्थव्यवस्था मोकळी केली. आज तो देश जगाला तांदूळ, कॉफी आणि मोबाइल विकतो. पण त्या राजवटीने, तिचे बाकी गुन्हे काहीही असोत, मुलींच्या शाळेला कुलूप लावले नाही.

इथेच माझे ज्येष्ठ सरांशी भांडण सुरू होते.

प्रामाणिकपणे आधी त्यांचे खरे आहे ते मान्य करते. बंदुका बऱ्याच अंशी थांबल्या. संयुक्त राष्ट्रांच्या काबूल मिशनच्या नोंदीनुसार २०२० या एका वर्षात ३,०३५ नागरिक मारले गेले होते. तालिबान आल्यानंतरच्या पहिल्या एकवीस महिन्यांत हा आकडा १,०९५ आहे. गावाकडचा शेतकरी रात्री ड्रोनच्या आवाजाशिवाय झोपतो, ही लहान गोष्ट नाही. दिल्ली-मुंबईत बसून तिला नाक मुरडणाऱ्यांनी २९ ऑगस्ट २०२१चा काबूलचा ड्रोन हल्ला आठवावा: दहा मेले, त्यात सात मुले, आणि नंतर 'चूक झाली' असे निवेदन. रस्त्यावरच्या चौक्यांवरची चिरीमिरी कमी झाली. २०२२च्या बंदीनंतर अफूची लागवड एका वर्षात नव्वद टक्क्यांहून अधिक घटली, जे नाटोला वीस वर्षांत जमले नाही. त्याच अफूवर जगणाऱ्या शेतकऱ्याने काय खावे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

अमेरिकेचा हातही अजून तिथून निघालेला नाही. फौज गेली, तिजोरीची किल्ली नेली. अफगाण मध्यवर्ती बँकेचे सात अब्ज डॉलर न्यूयॉर्कमध्ये गोठवले. हा पैसा काही मुल्लांचा नव्हता. त्यात सामान्य खातेदारांचाही होता. त्याचबरोबर मदत एका रात्रीत थांबली, शिक्षक आणि नर्स यांचे पगार अडकले आणि दोन वर्षांत अर्थव्यवस्था पाव हिश्श्याने आकसली. लोकशाही शिकवायला आलेल्यांनी जाताना बालवाडीच्या खाऊचे पैसे खिशात घातले, असेच मी म्हणेन.

एवढे मान्य करून विचारते: याला स्थिर देश म्हणायचे का? मी सातवीचा वर्ग घेते. मॉनिटर हातात पट्टी घेऊन उभा असला की वर्ग शांत असतो. ऑफिसमधून बघणाऱ्याला वाटते, काय शिस्त आहे! वर्गात गेल्यावर कळते की अर्ध्या मुलांची वही कोरी आहे.

२३ मार्च २०२२ची सकाळ मला पाठ आहे. त्या दिवशी अफगाणिस्तानात सहावीनंतरच्या मुलींच्या शाळा उघडणार होत्या. मुली दप्तर घेऊन गेल्या, वर्गात बसल्या, आणि काही तासांत त्यांना घरी जायला सांगण्यात आले. काही मुली रडत होत्या, ते जगाने पाहिले. त्याच्या आठ दिवस आधी, १५ मार्चला, कर्नाटक उच्च न्यायालयाने वर्गात हिजाबला मनाई कायम ठेवणारा निकाल दिला होता. उडुपीच्या फाटकावर अडवलेल्या मुलींसाठी आम्ही निषेधाची पत्रके काढली होती, आमच्या तालुक्यात तहसीलदारांना निवेदन दिले होते. मीही सही केली होती आणि आजही करीन. पण २३ मार्चसाठी त्याच लोकांकडे गेले तेव्हा उत्तर मिळाले, 'वो उन का अंदरूनी मामला है.' फाटकावर हिजाबमुळे अडवलेली मुलगी आमची आणि हिजाब घालूनही अडवलेली मुलगी परकी, हा हिशेब मला मांडता येत नाही. आणि ज्यांना काबूलच्या मुलींचा फार कळवळा आला होता त्यांच्यापैकी किती जणांना उडुपीच्या मुलीचे वर्ष वाया गेल्याचे वाईट वाटले, हे माझ्या बॅचच्या ग्रुपवर मी पाहिले आहे.

डिसेंबर २०२२मध्ये विद्यापीठे बंद झाली. इजिप्तच्या अल-अझहरच्या इमामांनी तेव्हा स्पष्ट सांगितले की ही बंदी शरीयतच्या विरुद्ध आहे. म्हणजे धर्माचा दाखला देण्याचा मार्गही उरला नाही. रिवाजाचा म्हणाल तर काबूलमध्ये मुलींची पहिली सरकारी शाळा १९२१मध्ये, अमानुल्लाह खान आणि राणी सुरैया यांच्या काळात निघाली. तिला शंभर वर्षे झाली त्याच वर्षी कुलूप लागले. डिसेंबर २०२४मध्ये नर्स आणि सुईणींचे प्रशिक्षणही बंद केले. जानेवारी २०२५मध्ये त्यांचेच उपपरराष्ट्रमंत्री शेर मोहम्मद अब्बास स्तानिकझाई, जे तरुणपणी आपल्या डेहराडूनच्या लष्करी अकादमीत शिकले, या बंदीविरुद्ध जाहीर बोलले. थोड्याच दिवसांत ते देशाबाहेर होते. युनिसेफच्या म्हणण्यानुसार मार्च २०२५पर्यंत सहावीनंतर शाळा बंद झालेल्या मुली बावीस लाख होत्या.

आणि ज्यांना वाटते की निदान जीव तरी सुरक्षित आहे, त्यांना ३० सप्टेंबर २०२२ सांगते. काबूलच्या दश्त-ए-बर्ची भागात काज या शिकवणी वर्गात हजारा मुली विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेचा सराव करत होत्या. आत्मघाती स्फोटात पन्नासहून अधिक मेल्या, जवळपास सगळ्या मुली.

ऑक्टोबर २०२५मध्ये अफगाण परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी दिल्लीत आले. पहिल्या पत्रकार परिषदेत एकही स्त्री पत्रकार नव्हती. आरडाओरड झाल्यावर दोन दिवसांनी दुसरी घेतली, त्यात स्त्रिया बोलावल्या. मधल्या दिवशी ते देवबंदला जाऊन आले. आपल्या सरकारने काबूलमधल्या कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा दिला. रशियाने त्याच वर्षी जुलैत मान्यताच दिली होती. सरकारांचे मी समजू शकते. त्यांना सीमा, खाणी आणि पाकिस्तान दिसतो. त्याच दिवसांत पाकिस्तान आणि तालिबान, म्हणजे कालचा पोशिंदा आणि कालचा पाहुणा, सीमेवर एकमेकांवर तोफा डागत होते. पण देवबंदला गर्दी करणाऱ्या आमच्या लोकांना कुठल्या खाणी हव्या होत्या? दिल्लीत मुत्तकी स्वतः म्हणाले की मुलींचे शिक्षण आम्ही हराम ठरवलेले नाही, पुढच्या आदेशापर्यंत थांबवले आहे. हराम नाही तर थांबवले कोणासाठी, एवढे एका तरी आलिमाने तोंडावर विचारायला हवे होते.

हे सगळे दूरचे आहे असे समजू नये. आमची शाळा सातवीपर्यंत आहे. उर्दू हायस्कूल चौदा किलोमीटरवर. दरवर्षी एप्रिलमध्ये मी पालकांच्या घरी जाते, कारण सातवीनंतर मुली गळतात. एसटीचा पास फुकट आहे तरी गळतात. २०२३मध्ये एका मुलीच्या वडिलांकडे गेले. वेल्डिंगचे दुकान आहे, माणूस सरळ. मुलगी वर्गात पहिली. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, "आपा, उनों की तो पूरी इस्लामी हुकूमत है. उनों भी छठी के बाद घर में बिठारे. हम तो सातवीं तक पढ़ाए. उनों क्या दीन कम जानते?"

मला तेव्हा ज्येष्ठ सरांचे 'मुबारक' आठवले. त्या अंगठ्यांचा हिशेब इथे, या पत्र्याच्या दुकानात, माझ्या सातवीच्या मुलीकडून वसूल होत होता.

मी त्यांना अल-अझहर सांगितले नाही, अमानुल्लाह सांगितला नाही. विचारले, भाभींची बाळंतपणे कोणी केली? म्हणाले, डॉक्टरनीने, मर्द डॉक्टरकडे आम्ही नेत नाही. मग मी सरळ गणित मांडले. तिथला कायदा म्हणतो मुलींना बाईनेच शिकवावे, बाईला बाईनेच तपासावे. आणि तोच कायदा म्हणतो मुलीने सहावीच्या पुढे शिकू नये. आज तिथे पहिली ते सहावी शिकवणाऱ्या बाया २०२१च्या आधी शिकलेल्या आहेत. त्यातली सर्वांत तरुण तेव्हा बावीस-तेवीसची असेल. ती साठीची होईल तेव्हा २०५८-५९ साल असेल. त्यानंतर सहावीपर्यंत तरी कोण शिकवणार? आणि सुईणींचे तर त्याआधीच संपणार, कारण त्या काम सोडतात, मरतात, इराण-पाकिस्तानात जातात, आणि सहावीवर थांबलेली मुलगी सुईण होऊ शकत नाही. त्या वेळी तिथल्या बापाने बायकोला कुठे न्यायचे?

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सोचता हूँ, आपा."

जूनमध्ये ती मुलगी हायस्कूलच्या एसटीत दिसली नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दिसली. तिची धाकटी बहीण यंदा माझ्या वर्गात आहे आणि एप्रिलमध्ये मला पुन्हा त्या दुकानात जायचे आहे.